प्रोजेक्टची वही: टिश्यूचं प्रेशर, प्लाझ्माचं प्रेशर आणि आमचं झिरो

१८ नोव्हेंबर २०२४

टॉपिक फायनल झाला एकदाचा. दोन महिने ईसीजी, मग पल्स ऑक्सिमीटर, मग परत ईसीजी असं फिरून शेवटी मॅडमच वैतागल्या, म्हणाल्या अगं सगळे हृदयाच्या मागे लागलेत, पेशींच्या मधे जे पाणी बसलंय त्याचं कोणी काही मोजतच नाही. तर आता आपण मोजायचं. दोन गोष्टी. एक म्हणजे टिश्यूमधल्या द्रवाचं प्रेशर. दुसरी म्हणजे प्लाझ्मातली (पेशी सोडून रक्ताचा उरलेला द्रव) प्रोटीनं पाणी स्वतःकडे ओढतात त्या ओढीचं प्रेशर, कोलॉइड ऑस्मोटिक प्रेशर, पुढे सीओपी लिहीन. ट्रान्सड्यूसर (प्रेशरचं व्होल्टेज करून देणारा सेन्सर) दोन्हीला एकच, आयसीयूत आर्टरी लाईनला लावतात तो.

मूळ गणित १८९६ चं, लंडनच्या अर्नेस्ट स्टार्लिंगचं. कुत्र्याच्या पायात सलाईन टोचलं तर ते रक्तात शोषलं जातं पण सीरम (रक्त गोठल्यावर सुटणारा, प्रोटीनं असलेला द्रव) टोचलं तर जात नाही, यावरून त्याने काढलं की केशवाहिनीतलं रक्ताचं प्रेशर पाणी बाहेर ढकलतं आणि प्रोटीनं ते धरून ठेवतात, आणि ही रस्सीखेच बिघडली की सूज. निखिलने (ज्युनियर आहे, इलेक्ट्रॉनिक्स त्याच्याकडे) विचारलं किती असतं हे सीओपी, मी म्हटलं २५ एमएमएचजीच्या (पाऱ्याचे मिलिमीटर, पुढे नुसतं एमएम) आसपास. तो म्हणे बस्स? प्लाझ्माचं एकूण ऑस्मोटिक प्रेशर काढलं तर साडेपाच हजारांच्या वर जातं, सात वातावरणांएवढं, पण ते मिठासारख्या बारक्या कणांचं, आणि ते कण केशवाहिनीच्या भिंतीतून आरपार जातात त्यामुळे तिथे त्याचा काही उपयोग नाही. पाणी धरून ठेवायला उरतात हे २५. आणि आम्हाला मोजायचेत तेच.

२ डिसेंबर

ट्रान्सड्यूसर आले, पाच घेतले. आत व्हीटस्टोन ब्रिज (रेझिस्टरची जोडणी, दाब पडला की थोडंसं व्होल्टेज देते), संवेदनशीलता दर व्होल्टला दर एमएमला ५ मायक्रोव्होल्ट, म्हणजे ५ व्होल्ट दिले की १ एमएमला २५ मायक्रोव्होल्ट मिळणार आणि अख्खं सीओपी म्हणजे ६२५ मायक्रोव्होल्ट. निखिलने वजनकाट्यात घालतात ती एचएक्स७११ची चिप लावली, शंभर रुपयांच्या आत येते. मला वाटलं होतं नॉईजमध्ये सगळं वाहून जाणार पण नाही, रीडिंग आकडा धरून बसलं. इलेक्ट्रॉनिक्सला एवढा कमी त्रास होईल असं वाटलं नव्हतं. निखिल दिवसभर मिरवत होता.

९ डिसेंबर

कॅलिब्रेशन पाण्याच्या नळीने. १ एमएम पारा म्हणजे १३.६ मिलिमीटर पाणी, तेव्हा २७.२ सेंटीमीटर उंचीला २० यायला पाहिजे. आले २१.४. परत केलं, २०.९. परत केलं, १९.२. इलेक्ट्रॉनिक्स ठीक, पाणी ठीक, पट्टी ठीक, मग चुकतंय काय. तर आम्ही नळीतल्या पाण्याची पातळी टेबलापासून मोजत होतो आणि ट्रान्सड्यूसरचं तोंड टेबलापासून किती वर आहे ते नुसतं डोळ्यांनी ठरवत होतो. दीड सेंटीमीटर चुकलं की एक एमएम गेलाच.

मागच्या इमारतीचं बांधकाम चालू आहे, काका (आमचे लॅब अटेंडंट) तिथल्या गवंड्याकडून लेव्हलची पारदर्शक नळी मागून घेऊन आले. गवंडी पण सोबत आला, काय चाललंय ते बघायला. नळी भरून आधी उन्हाकडे धरली, टिचक्या मारून बुडबुडे काढले, म्हणाला एक फुगा राहिला तरी भिंत वाकडी येते ताई. मग एक टोक ट्रान्सड्यूसरच्या तोंडाशी, दुसरं पट्टीशी. २०.०. खाली-वर तीनदा केलं, २०.०, २०.१, २०.०. एम.टेक.ला येऊन ही अक्कल गवंड्याकडून घेतली, लिहून ठेवते म्हणजे व्हायवाला कोणी विचारलं तर लक्षात राहील.

२३ डिसेंबर

ऑस्मोमीटरची (सीओपी मोजायच्या यंत्राची) चेंबर वर्कशॉपमध्ये ॲक्रिलिकमधून करून घेतली. वर छोटी वाटी, त्यात सॅम्पल. मधे मेम्ब्रेन (बारीक भोकांचा पातळ पडदा), ३० किलोडाल्टनवाली (रेणूच्या वजनाचं एकक), म्हणजे अल्ब्युमिन (प्लाझ्मातलं मुख्य प्रोटीन, साधारण ६६) पलीकडे जात नाही, मीठ आणि पाणी मात्र जातं. खाली अगदी छोटी बंद खोली, सलाईनने भरलेली, तिला ट्रान्सड्यूसर जोडलेला. वरचं प्रोटीन खालच्या खोलीतलं पाणी ओढणार, खोली बंद असल्यामुळे तिथे प्रेशर शून्याच्या खाली जाणार, ते जिथे थांबेल ते सीओपी, फक्त चिन्ह उलटं.

मेम्ब्रेन वाकू नये म्हणून आधार पाहिजे. स्टीलची बारीक जाळी शोधायला दोन दुकानं फिरले मग हॉस्टेलच्या मेसमधली चहाची गाळणी दिसली. तिचा गोल कापला. झकास बसला. पण रीडिंग स्थिर व्हायला चाळीस मिनिटं! चाळीस मिनिटांत सॅम्पल सुकून जाईल.

२६ डिसेंबर

गाढवपणा सापडला. जाळी मेम्ब्रेनच्या वरच्या बाजूला बसवली होती. ओढ खालच्या खोलीतून वर आहे हे बरोबर, पण प्रेशर कमी होतं खालच्या खोलीत, म्हणजे मेम्ब्रेन खाली चेपली जाते, पोटात ओढल्यासारखी. ती जेवढी खाली चेपली जाईल तेवढं जास्त पाणी हलावं लागतं मग प्रेशर बनायला वेळ लागतो. जाळी खाली घेतली. शिवाय सलाईन उकळून गार करून भरलं, कारण विरघळलेली हवा पण नंतर बुडबुडा होऊन बसते आणि बुडबुडा म्हणजे स्प्रिंग. आता चार मिनिटांत सपाट रेघ. काकांना पेढे आणायला लावले.

८ जानेवारी २०२५

वाटीत साधं सलाईन टाकून शून्य बघत होते, दोन्हीकडे सलाईन म्हणजे शून्यच यायला पाहिजे. आकडा खाली खाली जायला लागला, उणे २०, उणे ४०, उणे ५८ पर्यंत, आणि तिथून हळूहळू परत वर. अर्ध्या तासाने शून्याजवळ. निखिलला वाटलं चिप गेली. मला वाटलं मेम्ब्रेन फाटली, पण फाटलेली मेम्ब्रेन प्रेशर धरणारच नाही ना. बाटल्या बघितल्या तर खालच्या खोलीत मी डिस्टिल्ड वॉटर भरलं होतं. दोन्ही बाटल्या सारख्या, लेबल मागच्या बाजूला.

पण एका अर्थाने ते साडेपाच हजार एमएमवालं राक्षस बघायला मिळालं. मीठ मेम्ब्रेनमधून जातं पण लगेच नाही जात, तोवर त्याची थोडीशी ओढ दिसते, हजारांतला चिमूटभर भाग, तरी आमच्या सीओपीच्या दुप्पट. म्हणूनच रेफरन्सला सलाईन पाहिजे, पाणी नाही. थिअरीत दहा वेळा वाचलं होतं.

२१ जानेवारी

बीएसए म्हणजे गाईच्या अल्ब्युमिनची पावडर, सलाईनमध्ये ५ टक्के केली. लँडिस आणि पॅपेनहायमर यांची १९६३ ची समीकरणं आहेत, अल्ब्युमिनसाठी एक आणि अख्ख्या प्लाझ्मासाठी एक. अल्ब्युमिनवाल्याने ५ टक्क्यांना २० येतात, आमचे आले १९.४. अडीच टक्क्यांना सूत्र ८.३, आमचे ८.१. प्रोटीन अर्धं केलं तर प्रेशर अर्ध्याहून खाली जातं हे बघायला मजा आली, रेघ नाही, वर उचललेली वक्ररेषा. प्रोटीनं एकमेकांची जागा अडवतात, आणि त्यांच्यावर विद्युतभार असल्यामुळे काही आयन पण त्यांच्या बाजूला थांबून राहतात, त्यांची ओढ पण यात धरलेली.

प्लाझ्माचं सूत्र इथेच लिहून ठेवते, दरवेळी शोधत बसायला नको: २.१ × प्र + ०.१६ × प्र² + ०.००९ × प्र³, प्र म्हणजे डेसिलिटरमागे किती ग्रॅम प्रोटीन. उत्तर एमएममध्ये, शरीराच्या तापमानाला.

६ फेब्रुवारी

एथिक्स कमिटी. रक्ताला हो म्हणाले, दहा निरोगी लोक, प्रत्येकी ५ एमएल, लेखी संमती घेऊन. सुईला नाही. जिवंत माणसाच्या पोटरीत हाताने बनवलेली सुई घालायची असेल तर आधी बाकी सगळं दाखवा म्हणाले. मला वाईट वाटलं पण मॅडम म्हणाल्या बरोबरच आहे त्यांचं, तुझी सुई तू सोनाराच्या कानशीने घासणार आहेस.

(खरंय. २३ नंबरच्या सुईला बाजूने भोक पाडायचंय. इतवारीत एका सोनाराने जुनी बारीक कानस दिली, पैसे पण घेतले नाहीत.)

१९ फेब्रुवारी

पहिला प्लाझ्मा. माझाच. हात पुढे केला, टेक्निशियन ताईंनी निळ्या झाकणाची ट्यूब भरून दिली, सेंट्रिफ्यूज, वाटीत दोन थेंब, चार मिनिटं.

२०.१.

परत केलं, २०.३. निरोगी माणसाचे २५ च्या आसपास पाहिजेत. रात्री घरी फोनवर आईला सांगितलं की माझं कमी आलं, तर आई लगेच, मी म्हणतच होते, मेसचं जेवण, अंडी खा रोज. अर्धा तास अंडी.

२० फेब्रुवारी

सकाळी लॅबचा रिपोर्ट बघितला, माझं सीरम प्रोटीन ७.१. सूत्राने २६ यायला पाहिजेत. म्हणजे मी ठीक, मशीन चुकतंय. पण मशीन तर बीएसएला बरोबर आहे. दुपारपर्यंत डोकं धरून बसले मग ताईंनाच विचारलं. त्या सहज म्हणाल्या, निळ्यात सायट्रेट असतं ना, रक्त गोठू नये म्हणून घातलेला द्रव, नऊ भाग रक्ताला एक भाग, पातळच होणार.

कागदावर मांडलं. मला वाटलं दहा टक्के. पण ते सायट्रेट लाल पेशींत जात नाही, सगळं प्लाझ्मातच राहतं, आणि प्लाझ्मा रक्ताच्या साठ टक्केच आहे (माझं हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातला लाल पेशींचा वाटा, ४० टक्के). म्हणजे प्लाझ्मा जवळजवळ १६ टक्क्यांनी पातळ. ७.१ चं झालं ६.०. आणि ६.० ला सूत्र देतं २०.३. मशीन बरोबर होतं! दोन दिवस त्याच्यावर आळ घेतला.

ब्लड बँकेच्या पिशवीतल्या प्लाझ्माचं पण हेच, ३५० एमएलच्या पिशवीत असलं सायट्रेटवालं द्रावण ४९ एमएल आधीच असतं. ब्लड बँकेचा एक्स्पायर झालेला प्लाझ्मा मागून आणून टेस्ट करायचा प्लॅन होता तो रद्द.

हिरव्या झाकणाची ट्यूब, हेपरिनची (हेही रक्त गोठू देत नाही), त्यात द्रव जवळजवळ नसतोच. परत हात पुढे. २५.७. आईला फोन करून सांगितलं, ती म्हणाली अंडी चालू ठेव.

१२ मार्च

सुई. चिकनवाल्याकडून चार तंगड्या, सालासकट. आता हा टिश्यूचा प्रश्न सीओपीपेक्षा जुन्या भांडणाचा आहे. आधी लोक साधी सुई खुपसून मोजायचे आणि प्रेशर शून्याच्या वर यायचं. १९६३ ला आर्थर गायटनने कुत्र्यांच्या कातडीखाली भोकं पाडलेली कॅप्सूल ठेवली, आठवडे जाऊ दिले, आत जमलेल्या द्रवाचं प्रेशर मोजलं तर उणे ६ च्या आसपास! म्हणजे कातडीखाली बाहेरच्या हवेपेक्षा कमी. लोकांना पटेना. मग १९६८ ला शोलँडरने कापसाची वात वापरली, तिथेही उणे. पुढे १९७७ ला नॉर्वेच्या बर्गनमधल्या लोकांनी वात सुईच्या आतच घातली, आकडे आले उणे १-२ च्या घरात. एवढ्याशा आकड्यावरून एवढं भांडण का ते आता कळतं. ट्रान्सड्यूसर तीन सेंटीमीटर खाली-वर झाला की उणेचं अधिक होतं. आम्ही डिसेंबरमध्ये टेबलावर जे केलं तेच.

तर साधी सुई घातली, २२ दाखवलं. जरासं सलाईन ढकललं, ९ वर आलं. सुई किंचित फिरवली, १५. सुईचं टोक मांसात रुतलंय, द्रवाशी त्याचा संबंधच नाही, ते फक्त स्वतःच्या धक्क्याचं प्रेशर सांगतंय. मग घासलेली सुई, बाजूच्या भोकातून सुती दोऱ्याच्या बटा ओढून बसवलेल्या (हे काम निखिलच्या बहिणीने केलं, आमच्या दोघांच्या हातून दोरा जाईना). तिने ३. नळी चिमटीत दाबली, आकडा वर गेला, सोडली, परत ३. नळी ताणून उलटं केलं, परत ३. दोन्ही बाजूंनी त्याच जागी परत येते म्हणजे द्रवाशी जोडलेली आहे, ही जुनीच चाचणी आहे आणि साधी सुई त्यात सपशेल नापास.

एका तंगडीत सिरिंजने सलाईन भरत गेलो, साल तट्ट झाली, ३ चे ११ झाले, २४ झाले, मग सालीतून थेंब बाहेर यायला लागले. वास पण. काकांनी खिडक्या उघडल्या.

२८ मार्च, पहाटे ३

झोप येत नाहीये म्हणून आत्ताच लिहिते. ऑर्थोच्या सरांनी सांगून ठेवलं होतं की केस आली तर फोन करीन, बघायला ये, बघायचंच फक्त. साडेअकराला फोन आला. बाईकचा ॲक्सिडेंट, नडगीचं हाड मोडलेलं, पोरगा माझ्याच वयाचा. पाय सुजलेला म्हणजे नुसता सुजलेला नाही, हात लावला तर लाकूड. सरांनी त्याच्या पायाचा अंगठा हलकेच खाली वाकवला आणि तो ज्या आवाजात ओरडला तो अजून कानात आहे. सर म्हणाले हाड मोडल्याचं दुखणं इतकं नसतं, हे स्नायूचं आहे, खोळीत कोंडलाय.

आमच्यासारखाच ट्रान्सड्यूसर. सिस्टरने तो बेडच्या दांड्याला अडकवला होता, सरांनी काढून पायाच्या शेजारी, सुई जिथे जाणार त्या उंचीला धरायला लावला आणि मग झिरो केलं. दहा सेंटीमीटरचा फरक असेल, म्हणजे सात एमएम. सुई बाजूला भोक असलेलीच, साधी सुई जास्त दाखवते असं सर पण म्हणाले. नडगीच्या पुढच्या बाजूच्या स्नायूंच्या कप्प्यात ५१. निरोगी पायात आठ-दहा असतं. ब्लड प्रेशर १२८ बाय ७२. सरांनी तोंडीच वजाबाकी केली, ७२ वजा ५१, एकवीस. तीसच्या खाली म्हणजे स्नायूला रक्त पोचत नाहीये. पुढच्या वीस मिनिटांत तो ओटीत होता, फॅशिओटॉमी, म्हणजे स्नायूभोवतीची ती ताठ खोळ लांब चिरून मोकळी करणे. उशीर झाला की स्नायू मरतो.

सर बाहेर येऊन म्हणाले, आकडा मी निर्णयासाठी बघितला नाही, निर्णय अंगठ्यानेच झाला होता, आकडा बेशुद्ध पेशंटला लागतो, ज्याला ओरडता येत नाही त्याला. हे वाक्य थिसिसच्या प्रस्तावनेत जाणार. माझ्या शब्दात लिहीन.

९ मे

४४ डिग्री. लॅबचा एसी महिनाभर बंद, कूलर आणून ठेवलाय. आठ लोकांचे सॅम्पल झालेत, पण आज सातव्याचं परत केलं तर २५.८ वरून बारा मिनिटांत २७.१. सॅम्पल वाटीत उघडं, कूलरचा वारा बरोब्बर त्याच्यावर, पाणी उडतंय, प्रोटीन घट्ट होतंय. काचेचं झाकण ठेवलं, आत ओला फिल्टर पेपर. थांबलं. आणि खिडकीकडच्या ट्रान्सड्यूसरचं शून्य दुपारी दोन वाजता उन्हाबरोबर सरकतं ते वेगळंच. टेबल भिंतीकडे सरकवलं. टेबल सरकवलं म्हणजे लेव्हल परत बघावी लागली, नळी परत.

तापमानाची दुरुस्ती पण धरायला हवी. सीओपी केल्व्हिनच्या प्रमाणात जातं, २५ डिग्रीला मोजलं आणि शरीराच्या ३७ ला आणायचं तर चार टक्के वाढवावे लागतात, २५ चे २६ होतात. जानेवारीचे आणि मेचे आकडे एकाच तक्त्यात लिहिले होते मी.

१७ मे

आज मजेचा प्रयोग, कमिटीला विचारून, माझ्याच रक्तावर. अर्धा तास आडवी पडले, हेपरिनची ट्यूब. मग अर्धा तास न हलता उभी राहिले, भिंतीला टेकून, मोबाईल बघत, परत ट्यूब.

आडवी २४.६. उभी २७.९.

तीन वेळा चालवलं, तेच. अर्ध्या तासात फक्त उभं राहून! प्रोटीन कुठून आलं नाही, पाणी गेलं. उभं राहिलं की हृदयापासून घोट्यापर्यंतचा रक्ताचा अख्खा स्तंभ पायाच्या केशवाहिन्यांवर येतो आणि पाणी पायाच्या टिश्यूत झिरपतं, उरलेला प्लाझ्मा दाट होतो, दाट झाला की त्याची ओढ वाढते आणि गळती आवरते. स्टार्लिंगचं गणित माझ्या स्वतःच्या दोन ट्यूबमध्ये. मोज्याची खूण पण उमटली होती घोट्यावर, निखिलने फोटो काढला.

पण याचा अर्थ असाही की आमच्या आठ जणांपैकी कोण बसून होतं, कोण रांगेत उभं होतं, कोण जिना चढून धापा टाकत आलं ते कुठेच लिहिलेलं नाही. तीन एमएमचा फरक तिथेच. मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या आठही परत बोलव, दहा मिनिटं खुर्चीत बसव, मग घे. आठही. सुट्ट्या लागल्यात, तिघं गावी गेलेत.

१२ जून

पाऊस अजून नाही. सात जण परत आले, दोन नवीन मिळाले, एकूण नऊ, बसून, हेपरिन, झाकण ठेवून, ३७ ला दुरुस्त करून: २४.१ ते २८.३. कमिटीला सुईचा दुसरा अर्ज तंगड्यांच्या आकड्यांसकट दिलाय, तो पुढच्या बॅचच्या नशिबात. मशीन निखिलकडे सोपवलं. डब्यात गवंड्याची नळी, सोनाराची कानस आणि दोन सुया ठेवल्यात, ट्यूबच्या खोक्यावर मार्करने हिरवा गोल काढलाय. गाळणीचं मेसवाल्या काकूंना अजून कोणी सांगितलेलं नाही, त्या नवीन घेऊन बसल्यात आणि तिच्याकडे बघून निखिल म्हणे, हिची जाळी जास्त बारीक दिसते.